पार्वताबाईंच्या नावाचा फ्रीज

अकोला
९ डिसेंबर १९६२

सौ. मनकर्णाबाई किसनराव तायडे,
रेल्वे क्वार्टर, बडनेरा

बाई, जाईचा जय भीम.

परवा मी कमिटीच्या खोलीत खुर्चीवर बसले. हसू नको. चार वर्षं या दवाखान्यात नर्स आहे, त्या खोलीत शंभर वेळा गेले असेन, पण दरवेळी दाराशी उभी. परवा महादेवराव स्वतः म्हणाले, "सिस्टर, बसा. हे काम तुमचं हाय." महादेवराव म्हणजे आमच्या दवाखान्याचे अध्यक्ष. गावाबाहेर त्यांची काळ्या मातीची शेती संपता संपत नाही. त्यांच्या आई पार्वताबाई मागच्या साली वारल्या. आईच्या नावानं दवाखान्याला एक रेफ्रिजरेटर द्यायचं त्यांच्या मनात आहे. कोणता घ्यायचा हे ठरवायला इंग्रजी वाचणारं कोणी पाहिजे होतं. डॉक्टरसाहेबांना वेळ नाही, म्हणून मी.

भाऊजी, वाचून दाखवता दाखवता हिला समजावून सांगा. रेफ्रिजरेटर म्हणजे थंडीचं कपाट. बाहेर वैशाख असो, आत बारा महिने पुसातली पहाट. वरचा कप्पा तर असा की पाण्याचा दगड होतो.

आम्हाला तो वरचा कप्पाच पाहिजे आहे. सरकारनं देवीच्या रोगाविरुद्ध मोहीम काढली आहे. त्याची लस काचेच्या बारीक नळ्यांतून येते आणि ऊन लागलं की मरते. वाईट हे की मेलेली लस आणि जिवंत लस दिसायला सारखीच. ती आमच्याकडे ठेवायची आणि मोर्णा नदीपलीकडच्या पाच गावांना इथून पुरवायची, असं ठरलं आहे.

दोन कंपन्यांची चोपडी समोर आहेत. पहिला रॉकेलवर चालतो. खाली वात जळते, वर बर्फ होतो. कसा होतो ते मला अजून नीट कळलेलं नाही. वीज गेली तरी त्याचं काही बिघडत नाही, आणि अकोल्याची वीज उन्हाळ्यात कशी असते ते तुला ठाऊक आहे. पण वात रोज कातरावी लागते, ज्योत निळी राहिली पाहिजे, कपाट अगदी सपाट जागी उभं पाहिजे, आणि बर्फाचा कप्पा म्हणजे मिसळणीच्या डब्याएवढा. दुसरा विजेवरचा. मोठा, पांढराशुभ्र, दार उघडलं की आत दिवा लागतो. बर्फाच्या कप्प्याला वेगळं दार आहे, म्हणजे खालचं दार कितीदा उघडलं तरी वरची थंडी जात नाही. वीज गेली आणि दार बंद ठेवलं तर बराच वेळ तग धरतो. पण त्याच्या पाठीमागून गरम हवा निघते. तिला जायला मागे चार बोटं आणि वर वीतभर जागा मोकळी सोडा, असं चोपड्यात ठळक अक्षरात छापलं आहे.

दोघांची तुलना करून मी सात मुद्दे लिहिले आहेत. मोकळ्या जागेचा पाचवा. सोमवारी कमिटीपुढे वाचायचे आहेत. थोरली बहीण म्हणून कापसाच्या जिनात सरकी उचलून तू मला शिकवलंस, त्यातलं काहीतरी सोमवारी कामी येईल.

तुझ्या मैनेला पापा. तिच्या दाताचं काय झालं?

तुझी
जाई


अकोला
८ फेब्रुवारी १९६३

बाई,

फ्रीज आला. विजेवरचा घेतला. नागपूरहून मालगाडीनं आला तेव्हा निम्मं अकोला पाहायला जमलं होतं.

महादेवरावांनी तो भिंतीत बसवला. समोरच्या खोलीची भिंत दोन हात जाड आहे. ती कोरून, सिमेंट करून, सागवानी चौकट लावून आत ढकलला. बाहेरून फक्त पांढरं दार दिसतं, वर संगमरवराची पाटी: "कै. पार्वताबाई यांच्या स्मरणार्थ". फार देखणं दिसतं, खोटं कशाला बोलू? महादेवराव म्हणाले, "देवळीत दिवा ठेवल्यावानी दिसते का नाई?"

मी पाचव्या मुद्द्याची आठवण करून दिली होती. ते हसून म्हणाले, "सिस्टर, मायचं नाव उघड्यावर ठेवू काय? तो मुद्दा खोडा." मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहत होते. मग मी खोडला. एवढं काही नाही. सध्या हवा थंडच आहे आणि पारा बरोबर चालला आहे. बत्तीसला पाणी गोठतं. आमचा वरचा कप्पा अठरावर असतो. दाराला तक्ता टांगला आहे. त्यावर सकाळ-दुपार आकडा लिहून सही करायची, हे काम माझं.

खालच्या कप्प्यात महादेवरावांच्या पाण्याच्या बाटल्या असतात. वर त्यांच्या पाहुण्यांसाठी बर्फ होतो. त्या बाटल्यांना हात लावू नका असं मला कोणी म्हटलेलं नाही. मी दार उघडायला गेले की शिपाई देवमन माझ्याआधी धावतो आणि म्हणतो, "सिस्टर, काय पायजे ते मी देतो." लस मात्र मीच काढते. लसीचं कोणाला काही वाटत नाही.

जूनमध्ये माझी नोकरी कायम व्हायची आहे.

जाई


अकोला
१२ एप्रिल १९६३

बाई,

तुझा निरोप भाऊजींनी लिहिला. "जाईले म्हना, पोरगी धाडीन, पन टोचू देनार नाई." आता माझं ऐक.

तुझं पहिलं लेकरू देवी काढल्यावर आठ दिवसांत गेलं, ते मी विसरलेली नाही. मी तेव्हा तुझ्या घरीच होते. पण ते टोचल्यानं गेलं नाही, बाई, त्याला हगवण लागली होती. मैना पोटात होती तेव्हापासून तू ठरवलंस की हिला सुई लावू द्यायची नाही. देवी डॉक्टर क्वार्टरात आला की तू तिला दाराआड, कधी कांबळ्याखाली लपवलीस. चार वर्षं निभावलं. पुढच्या वर्षी ती शाळेत जाईल, शंभर पोरांत बसेल. कुठवर लपवशील?

इथे परका कोणी नाही. मी माझ्या हातानं टोचीन. लस माझ्या नजरेखाली, माझ्या कपाटात ठेवलेली. आठ दिवसांनी दंडावर फोड येईल, खपली धरेल, वण राहील. तो वण म्हणजे जन्माची निश्चिंती.

जयंती झाली की भाऊजींसोबत पाठव. सुट्टीभर राहू दे माझ्याजवळ. इथे ऊन फार आहे, पण माझ्या खोलीला स्लॅब नाही, कवेलूचं छप्पर आहे. दुपारी निजवीन.

माझ्यावर भरवसा ठेव.

जाई


अकोला
२७ मे १९६३

बाई,

मैना पोचली हे वाचून बरं वाटलं. ती गेल्यापासून खोली खायला उठते.

भाऊजींनी विचारलं आहे की दंडावर काहीच उठलं नाही, हे बरोबर आहे का. काळजी करू नका. एखाद्याच्या अंगात मुळातच ताकद असते, त्याला फोड येत नाही. इथेही बऱ्याच जणांना आलेला नाही. गावोगाव टोचायला जाणारे रामराव तेच सांगत आले होते. वयस्क माणूस आहे, हात थरथरतो. मी त्यांना म्हटलं, तुमची सुई वरवर लागत असेल.

तरी तुमच्या समाधानासाठी दसऱ्याला नागपूरला जाताना बडनेऱ्याला उतरेन आणि पुन्हा एकदा टोचीन. तोवर कोणाजवळ बोलू नका. उगाच बोभाटा होतो.

उन्हाळा यंदा फार कडक आहे. दुपारी वीज जाते ती दिवेलागणीला येते.

जाई


अकोला
१ मार्च १९६४

बाई,

तू दार लावून घेतलंस ते बरोबरच केलंस. मी त्याबद्दल लिहीत नाही.

दसऱ्याला मी आले नाही. रजा मिळाली नाही असं तेव्हा कळवलं होतं. मग थंडी आली, मग राहून गेलं. जानेवारीत तुमच्या चाळीत देवीचा पहिला रोगी निघाला हे मला कोणी कळवलं नाही. कळतं तर त्याच दिवशी निघाले असते. भाऊजींची तार आली तेव्हा मैनेच्या अंगावर पुरळ भरून तीन दिवस झाले होते.

मी आले तेव्हा तिचे डोळे चिकटले होते. तिनं आवाजावरून ओळखलं. "मावशी, पानी नको, घशात टोचते" म्हणाली. हे तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. मी का लिहिते आहे कोण जाणे.

बाई, मोठ्या मोठ्या डॉक्टरांनासुद्धा सांगता येत नाही की लस एकाला लागते आणि एकाला का लागत नाही. शंभरात दोघा-चौघांचं असं होतं. हे पुस्तकात आहे. माझ्या मनाचं सांगत नाही.

तेराव्या दिवशी तू सगळ्या बायांसमोर म्हणालीस, "हिले म्हना, माह्या घरी येजो नोको." मी गेले. पण पत्राला ना नको म्हणूस. भाऊजी, एवढं तिला वाचून दाखवा.

जाई


अकोला
१९ एप्रिल १९६४

बाई,

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते पुस्तकात आहे, पण खरं नाही. भाऊजी, पाया पडते, हे पत्र शेवटपर्यंत वाचा. मधलं काही गाळू नका. तुम्हीही बाप आहात, तुम्हालाही ऐकायचंच आहे.

मागच्या साली मार्च संपता संपता फ्रीज गरम व्हायला लागला. भिंतीत कोंडलेला होता, मागच्या हवेला वाट नव्हती. सागवानी चौकटीला हात लावला तर चटका बसायचा. त्यात वीज जायची. आणि वीज गेली तरी वरचं दार बर्फासाठी दहादा उघडलं जायचं. एका दुपारी मी पाहिलं, पारा बावन्नवर. नळ्यांभोवती बर्फ नव्हता, पाणी होतं.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. म्हटलं, ही लस फेकायला पाहिजे आणि फ्रीज बाहेर काढायला पाहिजे. ते पेन बंद करून म्हणाले, "महादेवरावांच्या आईच्या नावाची भिंत फोडा म्हणून सांगायला तुम्ही जाता, का मी जाऊ?" मग थोड्या वेळानं, "सिस्टर, तुमची ऑर्डर जूनमध्ये निघायची आहे ना?"

मी परत आले आणि तक्त्यावर अठरा लिहिलं.

त्या दिवशी वाटलं, एकदाच. संध्याकाळी पारा उतरेल, उद्या खरा आकडा लिहू. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस होता. अठ्ठेचाळीस लिहिलं असतं तर कालचा अठरा खोटा ठरला असता. म्हणून पुन्हा अठरा. नंतर नंतर मी थर्मामीटर पाहणंच सोडलं. सकाळी अठरा, दुपारी अठरा, खाली सही. पूर्ण एप्रिल, पूर्ण मे.

अशात मैना आली.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला माहीत होतं. अगदी पक्कं नव्हतं, पण माहीत होतं. सरकारी दवाखाना माझ्या खोलीपासून अर्ध्या मैलावर आहे. तिथे ताजी लस होती. मैनेला कडेवर घेऊन मी तिथे जाऊ शकत होते. एका सकाळी तर चप्पल घालून निघालेही होते. मग वाटलं, तिथल्या नर्सा विचारतील, तुमच्याकडे एवढा मोठा फ्रीज असताना भाचीला इकडे कशाला आणलं? काय सांगणार होते? मी परत फिरले. त्यातल्या त्यात सकाळची नळी घेतली, हाताला गार लागते का पाहिलं, आणि टोचलं. तिनं डोळे गच्च मिटले होते, रडली नाही. "झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "झालं."

आठ दिवस मी रोज तिचा दंड पाहत होते. कपडे बदलताना, आंघोळ घालताना, ती झोपली की फ्रॉकची बाही वर करून. काही उठलं नाही. रामराव आले आणि म्हणाले, "सिस्टर, पाचही गावात कोनाले फोड नाई. लस मेली असंन." मी त्यांच्या म्हाताऱ्या हातावर ढकललं. तीस वर्षं टोचतात ते. ते तेव्हा मान खाली घालून गेले, ते मला अजून दिसतं.

आणि तुम्हाला लिहिलं, अंगात मुळातच ताकद असते.

मैना गेल्यावर मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, आता मी गप्प राहणार नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी उरलेली लस सरकारी दवाखान्यात हलवली. मागच्या उन्हाळ्याचे तक्ते देवमनकडून जाळून घेतले. माझी ऑर्डर कायम झालेली आहे. फ्रीज भिंतीतच आहे, आता त्यात फक्त पाणी आणि बर्फ असतं.

बाई, माफी मागत नाही. तुला खरं कळावं एवढंच. शिव्या द्यायच्या तर भाऊजींकडून लिहून पाठव. मी वाट पाहीन.

जाई


अकोला
७ जून १९६४

किसनरावभाऊजी, जय भीम.

हे पत्र तुम्हाला आहे, बाईला नाही.

गुरुवारी तुम्ही दवाखान्यात आलात, ड्यूटीच्या कपड्यांतच. बाकावर रोग्यांच्या रांगेत बसलात. मी चहा आणायला निघाले तर म्हणालात, "चाय नोको. बस." आणि मग सांगितलंत, "तुह्यं पत्र मी तिले वाचून नाई दाखवलं. चुलीत टाकलं."

तुम्ही गेल्यापासून तुमचं एकेक वाक्य आठवून पाहते आहे. "ती मनते का पोरगी मीच मारली. चार वर्सं दाराआड लपवली, लहानपनीच देवी काढून घेतली असती तं जगली असती मनते. जेवत नाई. दाराकडं पाह्यत बसते." मी विचारलं, मग खरं का नाही सांगितलं? तुम्ही म्हणालात, "सांगून काय व्हते? पोरगी तं गेली. हे आयकलं तं तिले बईन बी राह्यत नाई. आता निदान रागावली हाय, उद्या राग जाईन."

भाऊजी, तुम्ही हे माझ्यासाठी केलं की तिच्यासाठी, मला कळत नाही. तुमच्या मनात माझ्याविषयी काय आहे तेही तुम्ही बोलला नाहीत. पण माझा गुन्हा ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली आहे, आणि तो तिच्या डोक्यावर राहिला तरच बहीण म्हणून मी उरेन, हे मला सोसणार नाही.

येत्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येते. तुम्ही घरी नसलात तरी चालेल. मला अडवू नका.

जाई


अकोला
११ ऑक्टोबर १९६४

बाई,

तू सांगितलंस, तोंड दाखवू नको, पण एकेका गावाचं लिहून पाठव. चार गावांची चार पत्रं पाठवली. भाऊजींनी वाचून दाखवली असं त्यांनी कार्डावर दोन ओळींत कळवलं. हे पाचव्या गावाचं.

आधी एक लिहायचं राहिलं आहे. त्या रविवारी मी तुझ्यासमोर सगळं सांगितलं तेव्हा तू सुपात ज्वारी घेऊन बसली होतीस. तू पाखडणं थांबवलं नाहीस. मला वाटत होतं, तू सूप फेकून मारशील, केस धरशील. मी त्याचीच तयारी करून आले होते. सगळं झाल्यावर तू विचारलंस, "त्या कपाटातलं किती लेकराइले टोचलं?"

मी म्हटलं, "पाचशेच्या वर."

"त्याइच्या मायांले सांगतलं?"

"नाही."

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. "मंग मले सांगाले काहून आली? माह्यी तं गेली. ज्याइची हाये त्याइले जाऊन सांग."

मी चार महिने रडत होते, बाई. पण ही गोष्ट मला सुचली नव्हती. खरं सांगायचं तर सुचली होती, मी ती बाजूला सारली होती. तुझ्याजवळ कबूल केलं की सुटले, असं मी धरून चालले होते.

परत आल्यावर रामरावांकडे गेले. त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "ते राहू द्या. गावं धरा." जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना मी सहीनिशी अर्ज लिहून दिला. कमिटीनं मला आठ दिवसांत काढलं. कारण लिहिलं, नोंदीत खोटेपणा. कारण खरंच आहे, म्हणून मी भांडले नाही. डॉक्टरसाहेब आहेत. पाटीही आहे. आता मी रामरावांसोबत बिनपगारी जाते. ताजी लस बर्फाच्या थर्मासात घालून आणतो, आणि ज्या दिवशी आणली त्याच दिवशी संपवतो. उरली तर फेकून देतो.

टोचलेल्यांच्या यादीत या पाचव्या गावची पंच्याण्णव लेकरं होती. आम्ही घरोघर बाह्या वर करून पाहिल्या. चौतीस जणांना फ्रीज तापण्याआधीचे वण होते, एकोणसाठ दंड कोरे होते. त्या एकोणसाठ जणांना पुन्हा टोचलं, आठ दिवसांनी जाऊन पाहिलं, सगळ्यांना फोड भरले आहेत. लोकांनी शिव्या दिल्या. एक म्हातारा माझ्यासमोर थुंकला. ते सगळं ठीक होतं, त्याचं मला काही वाटलं नाही.

यादीतली उरलेली दोन आम्हाला दिसलीच नाहीत, ती एका घरातली होती. भाऊ-बहीण. फाल्गुनात चार दिवसांच्या अंतरानं गेली.

त्यांच्या आईचं नाव सुभद्रा. माझ्याच वयाची आहे. मी तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "तवा तुमाले मालूम होतं?" मी म्हटलं, "हो." ती आत गेली आणि एक तान्हं घेऊन बाहेर आली. चार महिन्यांचं, मुलगा आहे. ती दोघं गेल्यानंतर झालेला. मला वाटलं टोचायला आणला. मी थर्मास उघडायला लागले. ती म्हणाली, "पाहून घ्या. याले मी नाई देत. सरकार येऊ द्या, पोलीस येऊ द्या, नाई देत." आणि दार लावून घेतलं.

मी त्या दारी सहा वेळा गेले. रामरावांनी समजावलं, गावच्या पाटलांनी दम भरला. दम भरल्यावर तर तिनं लेकराला आणखी आत लपवलं. आता आम्ही येताना दिसलो की ती मागच्या दारानं त्याला घेऊन शेतात जाते. तिचं काही चुकतं असं मी म्हणू शकत नाही. पण शेजारच्या तालुक्यात देवीचे रोगी निघाले आहेत, आणि थंडी संपता संपता रोग इकडे येईल असं रामराव म्हणतात.

माझं ती ऐकणार नाही. कोणत्याच नर्सचं, कोणत्याच डॉक्टरचं ऐकणार नाही. ती ऐकेल तर अशा बाईचं, जिनं स्वतः लेकरू दाराआड लपवलं होतं आणि जिचं लेकरू माझ्या हातानं गेलं.

मी हे माझ्यासाठी मागत नाही. तू आलीस तर मी त्या गावात नसेन. सकाळच्या पॅसेंजरनं ये. स्टेशनवर रामराव येतील. पांढरी टोपी, हातात थर्मास, माणूस ओळखता येईल. तेच तुला तिच्या दारापर्यंत नेतील आणि तू म्हणशील तर तेच टोचतील. त्यांचा हात अजिबात थरथरत नाही. माझं तोंड तुला कुठेच दिसणार नाही.

लेकराचं नाव अजून ठेवलेलं नाही. सुभद्रा म्हणते, नाव ठेवलं की जातात.

जाई